सोमवारचं मौन

"काकू, उद्या तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. उद्या तुमचा सोमवार आहे, लक्षात आहे ना? सभेला पाटीसुद्धा आणू नका."

शेजारची केतकी आमच्या तुळशीच्या कट्ट्याला टेकून मला दटावत होती. मी वाती वळत बसले होते. सतरा वर्षांची पोर, उंचीला बेताची, पण बोलायला लागली की समोरच्याला मान वर करून ऐकावं लागतंय असं वाटे.

"आणि तुला विचारलं तर?" मी म्हटलं.

"विचारू देत."

"अगं, पण पत्र नाही दिलं वाचनालयाने तर नाशिकचं काय?"

"नाशिक काय, पुढच्या वर्षीही असेल तिथेच." एवढं म्हणून तिने माझ्या ताटलीतली एक वात उचलली, उगाच पुन्हा वळली आणि बिघडवून ठेवली. हे नाशिक पुढच्या वर्षी तिच्यासाठी नसणार होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती बारावीला होती. राज्याच्या वक्तृत्व स्पर्धेला बारावीपर्यंतच जाता यायचं.

सत्त्याण्णव सालचा श्रावण. आमचं गाव खाडीकाठचं. आदल्याच दिवशी, शनिवारी, वाचनालयाचा अमृतमहोत्सव झाला होता. प्रमुख पाहुणे शिक्षण खात्यातले जगदाळेसाहेब. स्वागतपर भाषण केतकीचं. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी म्हणून अध्यक्ष अप्पा सावर्डेकरांनी हौसेने तिचं नाव घातलं होतं. नाशिकला तिला पाठवणारी संस्थाही वाचनालयच.

भाषण उत्तम चाललं होतं. पण माईक उंच होता आणि मुलगी टाचा उंचावून बोलत होती. जगदाळेसाहेब भला माणूस. ते खुर्चीतून उठले आणि माईकचा दांडा खाली घ्यायला वाकले. त्याच क्षणी केतकीने दांड्याला हात लावला. पावसाळी हवा, ओली फरशी, जुना माईक. तिला सणसणीत शॉक बसला आणि साहेबांच्या नाकासमोर, हातभर अंतरावरून, ती ओरडली, "मुडदा बशिवला तुझा, —!"

पुढचा शब्द मी इथे लिहिणार नाही. तो जन्मदात्रीवर जातो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मनात म्हणून घ्यावा, ज्यांना ठाऊक नाही त्यांनी सुखात राहावं.

ती माईकला म्हणाली होती. पण माईक आणि साहेब एकाच ठिकाणी होते, आणि गावाला माईकपेक्षा साहेब जास्त दिसले. एक कर्णा आम्ही मुद्दाम बाजाराकडे तोंड करून लावला होता. तिथे कोळणींनी म्हणे टोपल्यांवरून हात काढून माना वर केल्या, की आज वाचनालयात नेमकं काय वाचतायत?

केतकीने लगेच हात जोडले. "क्षमा करा," म्हणाली आणि भाषण पूर्ण केलं. साहेब माईकपासून मागे सरले. रुमालाने चष्मा पुसला, बसले, आपलं भाषण केलं आणि जीपमधून गेले.

मग गाव बोलू लागलं.

रविवारी आमच्या साप्ताहिकात बातमी आली. शिवीच्या जागी टिंबं घातली होती. माणसांनी ती टिंबं मोजली आणि त्यात त्यांच्या त्यांच्या आवडीच्या शिव्या बसवून पाहिल्या. दुपारपर्यंत त्या पोरीच्या तोंडी सात-आठ निरनिराळ्या शिव्या जमा झाल्या होत्या, आणि एकही तिने दिलेली नव्हती. पानाच्या गादीवर एक गृहस्थ म्हणत होते, "ह्या भडव्यांच्या पोरांना ना, भाषेचा काही धरबंधच राहिला नाही." शेजारच्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. गिरणीत तर बायका मला बाजूला घेऊन विचारत, "काकू, तुम्ही पहिल्या रांगेत होतात. नेमकं काय म्हणाली हो?" मी गप्प राहिले की दुसरी कुणीतरी कानात सांगे. मग "शी! शी! शी!" आणि लगेच, "काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं."

कुणी केबलला दोष दिला, कुणी इंग्रजीला, कुणी पंजाबी ड्रेसला. पण संध्याकाळ होता होता सगळी बोटं एका दिशेला वळली. केतकीची आई, शालन मयेकर, हायवेला खानावळ चालवायची. तिथे ट्रकवाले जेवायचे. झालं. बाप दुबईला, आई ट्रकवाल्यांत, पोर दुसरं काय शिकणार?

हे ऐकलं आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. तसा त्या दिवशी उपास होता, पण भगरही उतरेना.

"अगं, कुणीतरी तुझ्यासारखी शांत बाई हवी समितीवर, म्हणून घेतलंय ना तुला?" हे म्हणाले. आमच्या ह्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. देवळाची पायरी यांनी लग्नानंतर चढलेली नाही, पण माझ्या एकाही व्रताला कधी आडकाठी केली नाही. फक्त चेष्टा करायचे. "मग जा उद्या आणि शांत बस."

आता माझं शांत बसणं काय होतं ते सांगायला हवं. दर सोमवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मी मौन पाळते. तेव्हाही पाळत होते. बोलायची वेळ आलीच तर पाटी-पेन्सिल. रोज सकाळी परसातल्या जास्वंदीच्या अकरा फुलांचा हार खालच्या आळीतल्या मारुतीला. आणि चातुर्मासात रात्रीची वस्ती घराबाहेर करायची नाही. एकोणीस वर्षं यातलं काही मोडलं नव्हतं. वाचनालयाची सभा नेहमी सोमवारी असते आणि महिला प्रतिनिधी म्हणून मी असते, यात योगायोग किती आणि अप्पांचा धोरणीपणा किती, हे मी कधी विचारलं नाही.

सोमवारी चार वाजता सभा बसली. अप्पा सावर्डेकर अध्यक्षस्थानी. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरं धोतर, बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांच्या उजव्या हाताला सेक्रेटरी तोडणकर, इतिवृत्ताची वही उघडून. टेबलाच्या टोकाला बाबी नार्वेकर. जुना तांडेल, गलबतावर उमर गेलेली, वाचनालयात फक्त पेपर वाचायला यायचा. पण देणगी दिली होती म्हणून समितीवर होता. समोर बाकावर केतकी आणि तिची आई. शालनने कामावरून येताना बदललेलं लुगडं अजून घडीच्या खुणांसकट होतं. ती पायांच्या अंगठ्याकडे बघत होती.

मी पाटी आणली होती. केतकीने ती पाहिली आणि माझ्याकडे डोळे वटारले.

"विषय क्रमांक एक," तोडणकरांनी सुरुवात केली, "शनिवारी कुमारी केतकी मयेकर हिने... हिने..." ते अडले. "अप्पा, इतिवृत्तात काय लिहू?"

"अपशब्द लिहा."

"नुसतं अपशब्द? उद्या वरून चौकशी आली तर कोणता म्हणून विचारतील."

"मग लिहा तो शब्द."

तोडणकरांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. "माझ्या हाताने ह्या वहीत ते उतरायचं नाही. पंचाहत्तर वर्षांची वही आहे."

"मग टिंब टिंब द्या."

"टिंबांनीच घोळ केलाय," बाबी म्हणाला. "पेपरात टिंबांची सहा अक्षरं झाली न् आमच्या गल्लीत कोणाला तेवढी मोठी शिवी येत नाय."

अप्पांनी डोळे मिटले. "मुद्द्यावर येऊ. केतकी, तू माफी मागितलीस, ते ठीक. शॉक बसला, तेही मान्य. उच्चार निर्दोष होता, तेही मी प्रांजळपणे मान्य करतो. पण शॉक बसल्यावर माणसाच्या तोंडून तेच बाहेर पडतं जे आत मुरलेलं असतं. कुणाच्या तोंडून 'आई गं' येतं, कुणाच्या 'राम'. तुझ्या तोंडून हे आलं. कुठून आलं?"

केतकीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाशिकचं पत्र आजच तयार व्हायला हवं. गुरुवारी स्पर्धा. वाचनालयाच्या नावावर तू जाणार. तर वाचनालयाला कळायला हवं, की ही भाषा तुला कुणी शिकवली. सांग, आणि पत्र घेऊन जा."

"नाही सांगणार, सर."

"का?"

"तुम्हीच शिकवलंत ना, चुगली करू नये म्हणून? पाचवीत."

बाबी खोकला. हसू लपवायची ती त्याची रीत होती.

तोडणकर शालनकडे वळले. आवाज अगदी गोड. "वहिनी, आम्ही काही आरोप करत नाही हो. पण तुमच्याकडे ट्रकवाले येतात, पोर अभ्यासाला तिथेच बसते..."

शालनने मान वर केली. "माझ्या खानावळीत शिवी देणाऱ्याला दुसरी चपाती मिळत नाय. विचारा कोणाही ट्रकवाल्याला. उपाशी उठलेले आहेत." तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "पोरीला पाठवू नका हवं तर. पण माझ्या घरातनं आलं असं त्या वहीत लिवू नका. तिचा बाप वाचेल कधीतरी."

मी पाटीवर लिहिलं. घाईत, मोठ्या अक्षरांत, आणि पाटी वर धरली.

तोडणकरांनी वहीतून मान न काढता आतल्या खोलीकडे हाक दिली, "अरे, काकूंचा चहा बिनसाखरेचा!"

वर्षानुवर्षं माझ्या पाटीवर सभेत तेवढंच लिहिलेलं असायचं. त्यांचा दोष नव्हता. मी पाटी तशीच धरून राहिले. केतकीने मात्र ती वाचली. तिने हळूच मान हलवली. नको. मग माझंच मला उमगलं, की मी पाटी वर धरलीय ती कुणी वाचावी म्हणून, की कुणी वाचू नये म्हणून? पाटीवरचं पुसता येतं. मी पदराने पुसलं.

"एक सांगू?" बाबी पुढे सरकला. "मी सगळ्या किनाऱ्यावरच्या शिव्या ऐकलेल्या आहेत. ही आपल्यातली नाय. आपल्याकडे असा मुडदा कोण बसवत नाय. आपण गाळी देतो त्या वेगळ्या, त्यात जरा गंमत असते. ही घाटावरची. कोरड्या मुलखातली. बायकांच्या तोंडची, म्हाताऱ्या बायकांच्या. शेतावर ढोर घुसलं की अशी देतात."

"घाटावरची?" तोडणकर सरसावले. "गावात घाटावरचं कोण कोण आहे?"

सगळ्यांनी विचार केला. नजरा टेबलावरून फिरल्या. माझ्यावरून गेल्या, भिंतीवरच्या घड्याळावरून गेल्या, दोन्हींवरून सारख्याच वेगाने. माझं माहेर दहिवडीकडचं, माण तालुक्यातलं, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या लग्नाच्या पंगतीला अप्पा जेवले होते.

"बँकेतला शिपाई!" तोडणकरांनी टेबलावर हात मारला. "लोखंडे. तो घाटावरचा. आणि ही बँकेत बापाचा ड्राफ्ट वटवायला जाते. बोलवा त्याला."

"काय गं केतकी, लोखंडे का?" अप्पांनी विचारलं.

"नाही!" ती पहिल्यांदाच घाबरली. "लोखंडेकाकांचा काही संबंध नाही, सर."

"नाही म्हणताना दचकलीस बघ. लिहा, तोडणकर. लोखंडेच्या साहेबांना वाचनालयातर्फे पत्र—"

घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती. दिवेलागणीला दोन तास. मी उभी राहिले.

खरं तर मी साधेपणाने सांगू शकले असते. पण सकाळपासून बंद ठेवलेला घसा उघडला, आणि समोर ते पेन, ती वही, शालनचं खाली गेलेलं तोंड. माझ्या घशातून पहिलं आलं ते तेच. पूर्ण. पुढच्या शब्दासकट. परसाच्या शेवटच्या फणसापर्यंत पोचेल अशा आवाजात.

आतल्या खोलीत कपबशी फुटली. चहा बिनसाखरेचा होता.

अप्पांनी डोळे उघडले. माझ्या माहितीत सभेत ते पहिल्यांदाच एवढे उघडे होते.

"ही माझी आहे," मी म्हटलं. आवाज परत नेहमीसारखा झाला होता, आणि त्याने सगळे जास्तच घाबरले. "माझ्या आजीची. आमच्या मळ्यात रानडुक्कर यायचं, तेव्हाची. इथे वानरं येतात. जास्वंदीवर. रोज सकाळी सव्वासहाला. केतकी त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर भाषणं पाठ करते. उच्चार सुधारावेत म्हणून मीच तिला पहाटे उठायची सवय लावली. मी तिच्याकडून स्तोत्रं म्हणून घेते, मग फुलं काढायला जाते आणि वानरं दिसली की... सोमवार सोडला तर रोज. तिने एवढी वर्षं ऐकलंय."



"हार मारुतीला ना हो घालता तुम्ही?" बाबीने हळूच विचारलं.

"हो."

"आन् शिव्या त्याच्या भावकीला."

"हो," मी म्हटलं. हे वाक्य आमच्या घरी मी हजारदा ऐकलं होतं. बाहेर पहिल्यांदाच.

बाबी खोकलाच नाही. तो सरळ हसला, टेबलावर डोकं ठेवून. मग शालनच्या तोंडावर पदर गेला, आणि तो पदर हलायला लागला. अप्पा मात्र गंभीर होते. "काकू, तुम्ही? तुम्ही चौदा वर्षं आमच्या शाळेच्या प्रार्थनेला यायचात."

"येत होते. फुलं काढून झाल्यावर."

तोडणकरांनी पेन वर धरलं होतं. "अप्पा, आता काय लिहू?"

अप्पांनी पुन्हा डोळे मिटले. "लिहा," ते म्हणाले, "की शेट्येकाकूंनी मौन सोडलं."

"आणि पत्र?"

"पत्र द्या."

"पण जगदाळेसाहेबांचा अपमान झालाय, त्याचं?"

"साहेबांना कुणी विचारलं का?" मी म्हटलं. तेव्हा लक्षात आलं, की दोन दिवस अख्खं गाव त्यांच्या वतीने दुखावलं होतं, पण त्यांना फोन कुणीच केला नव्हता. अप्पांनी तिथूनच केला. काळा, जड फोन. अप्पा उभं राहून बोलत होते, फोनवरही. "हो साहेब... नाही साहेब... आम्ही अत्यंत दिलगीर..." मग नुसतंच ऐकत राहिले. फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलीचा हात भाजला का? आणि म्हणाले, पुढच्या कार्यक्रमाच्या आधी माईकचं अर्थिंग करून घ्या." अप्पा खाली बसले. "तोडणकर, ते लिहा. विषय क्रमांक दोन म्हणून."

जिन्यात शालनने मला गाठलं. केतकी पत्र छातीशी धरून दोन पायऱ्या खाली थांबली होती. माझ्यावर रागावली होती, पण पत्रामुळे राग नीट जमत नव्हता.

"काकू," शालन म्हणाली, "उद्यापास्नं तीन दिवस रस्त्याचं काम करणाऱ्यांचं जेवण घेतलंय मी. खानावळ सोडून जाता येत नाय. नाशिकला हिच्यासोबत... दोन रात्री... तुमचा चातुर्मास आहे, म्हायती आहे मला. पण दुसऱ्या कोणाबरोबर पाठवायला मन घेत नाय."

मी काय उत्तर दिलं असेल? "येईन," म्हटलं. मौन तर मोडलंच होतं. त्याच दिवशी दुसरं मोडायला धीर लागला नाही.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. हे दारात उभे. "फणसापर्यंत ऐकू आलं म्हणतात."

"चेष्टा नका करू. मी बुधवारी नाशिकला चाललेय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रात्रीची वस्ती बाहेर होणार, तेही चातुर्मासात. त्याचं प्रायश्चित्त घेऊन देवाला सांगेन. पण मारुतीचा हार तीन दिवस चुकणार."

"चुकला तर काय होईल?"

"काही नाही होणार. पण चुकेल."

हे बराच वेळ पेपर उलटसुलट करत राहिले. "अकरा फुलं ना?"

"काय?"

"अकराच ना? मोजून?" पेपरच्या आडून आवाज आला. "वचन देतो. पण एक. हार मी घालीन, देवळातही जाईन. नमस्कार मात्र तू आल्यावर तू कर. आणि वानरं आली तर शिव्या माझ्या मी देईन. तुझ्या घाटावरच्या मला जमत नाहीत."

बुधवारी पहाटे सहाची एसटी. तीच आमच्या घरावरून वळून हायवेला लागते. केतकी खिडकीशी बसली होती, हातावर भाजल्याची बारीक खूण, ओठांत भाषण. नाशिकला तिचा दुसरा नंबर आला, हे आत्ताच सांगून टाकते. पहिला आलेल्या मुलाला काही सांगायचं नव्हतं, फक्त छान सांगता येत होतं, असं तिचं आजही म्हणणं आहे. आता ती कोर्टात बोलते. तिथे ती काय बोलते ते मी विचारत नाही.

गाडी आमच्या परसाच्या कुंपणाशी आली आणि समोरून म्हशी आल्या म्हणून थांबली.

"काकू, बघा," केतकी म्हणाली.

हे जास्वंदीखाली उभे होते. बंडी, लेंगा, हातात माझी फुलांची परडी. वरच्या फांदीवर एक भला मोठा वानर फूल खात बसला होता. यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, कुणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि वर तोंड करून काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या घरघरीत ऐकू आलं नाही. वानराने फूल टाकलं आणि उडी मारली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"सांगू?" केतकीच्या डोळ्यांत नको तेवढं पाणी आणि नको तेवढं हसू होतं.

"नको. सोमवारी सांग. मला उत्तर देता येणार नाही."

म्हशी बाजूला झाल्या. गाडी हलली तेव्हा यांची फुलं मोजून झाली होती. हे वहाणा पायांत सरकवत होते, आणि परडी पंचाखाली झाकून, पुढच्या रस्त्याने न जाता मागच्या पाणंदीने, कुणाला दिसू नये म्हणून, खालच्या आळीकडे निघाले होते.